पाटा एकाकडे, वरवंटा दुसऱ्याकडे

ताई,

मी २७ वर्षांचा आहे. मूळचा कुडाळकडचा. पुण्यात एका कंपनीत हिशेब बघतो आणि संध्याकाळी सात ते दहा आमच्या ग्रुपबरोबर एकांकिका बसवतो. लिहितो मीच. पहिली एकांकिका कॉलेजात असताना नऊ दिवसांत लिहिली होती. लिहिताना एकटाच हसायचो. ती अंतिम फेरीपर्यंत गेली. पुढच्या वर्षी दुसरी केली, तेव्हा प्रयोग झाल्यावर एक परीक्षक म्हणाले, ‘लेखकाला आपण हुशार आहोत हे जरा जास्तच ठाऊक आहे.’

त्या दिवसापासून एक वाक्य लिहिलं की डोक्यात दुसरं कुणीतरी बोलतं. हे टाळीसाठी लिहिलंस. हे कुठेतरी ऐकलेलं आहे. इथे तू शहाणपणा करतोयस. शेवटी वैतागून मी त्या आवाजालाच नाटकात घेतलं. नव्या एकांकिकेत आई गेल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण घरातली भांडी वाटून घेतात. कोपऱ्यात स्टुलावर ‘लेखक’ नावाचं पात्र बसलेलं असतं आणि ते मधे मधे प्रेक्षकांशी बोलतं. सुरुवातीला ग्रुपमध्ये सगळ्यांना मजा आली. गेल्या आठवड्यात तालमीत बहिणीचं काम करणारी मुलगी मधेच थांबली आणि म्हणाली, ‘दादा, माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं की तू लेखकाला बोलायला लावतोस. मग मी रडू कशाला?’ मला उत्तर देता आलं नाही.

मोकळेपणाने लिहिलं तर पोरकट वाटतं. भान ठेवून लिहायला बसलो तर हात थांबतो. दोन्हीतलं काय सोडू? दोन पानं सोबत जोडली आहेत. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून जत्रेतला दशावतार रात्रभर बघायचो. नाटकाची भीती वाटू शकते हे तेव्हा माहीतच नव्हतं.

– एक लिहिणारा, पुणे

•

मित्रा,

तुझी दोन पानं मी तीनदा वाचली, तिसऱ्या वेळी मोठ्याने. ज्याने ही पानं लिहिली त्याला खेळता येतं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरंच काही कापायला सांगणार आहे.

सगळ्यात आवडलेली जागा वाचकांसाठी इथे मांडते. थोरला भाऊ यादी वाचतोय, धाकटा खुणा करतोय. घंगाळं एकाकडे, समई दुसऱ्याकडे, पराती तीन, पातेली पाच, हिशेब चोख. मग पाटा-वरवंट्याची पाळी येते. फ्लॅटमध्ये तो कुणालाच नको आहे आणि सोडायलाही कुणी तयार नाही. धाकटा म्हणतो, “पाटा तू ने, वरवंटा मी नेतो. समान झालं.” बहीण विचारते, “आणि वाटायचं कशावर?” थोरला यादीतून डोकं वर न काढता म्हणतो, “वाटूनच तर झालं सगळं.”

मी हसले आणि पुढच्या क्षणी गप्प झाले. दोन शब्द बाजूबाजूला ठेवून तू एक घर मोडून दाखवलंस. आणि थोरल्याच्या ध्यानीमनीही नाही की आपण काही खास बोललो. त्याला फक्त बहिणीचा प्रश्न टाळायचा आहे. शब्द त्याच्या तोंडून निसटलाय. म्हणून तो हसवतो आणि म्हणूनच लागतो.

त्याच्या लगेच पुढच्या ओळीत स्टुलावरचा लेखक बोलतो: “वाटणं आणि वाटणी. श्लेष आहे. या लेखकाला श्लेष फार आवडतात, सांभाळून घ्या.”

मग बहीण पाट्यापाशी बसते. त्यावरून तळवा फिरवते, तळवा नाकाशी नेते आणि एकच शब्द बोलते: “लसूण.” आणि लेखक लगेच: “इथे डोळ्यांत पाणी यायला हवं. आलं का?”

तुझी नटी थांबली ती इथेच असणार.

त्या पानांवर लेखकाची वाक्यं मोजली. नऊ आहेत. त्यातली सात एकच काम करतात. समोरचा काही म्हणेल त्याच्या आधी आपणच ते म्हणून टाकायचं. श्लेष केलाय हे परीक्षकाने दाखवण्याआधी आपण दाखवायचं. प्रसंग भावुक होतोय असं कुणी म्हणण्याआधी आपण म्हणायचं. तू याला भान म्हणतोस. मला ती सात वाक्यं दारामागे उभं राहून, अंग चोरून बोलल्यासारखी ऐकू आली.

हे मला ओळखू येतं, कारण त्या दारामागे मीही उभी राहिले आहे. तुझ्या वयाची असताना माझ्या एका एकांकिकेला एका जाणत्या माणसाने ‘भाबडी’ म्हटलं. तो शब्द मी घरी घेऊन आले आणि आठ महिने त्याच्याबरोबर राहिले. संहितेत जिथे जिथे पात्र मनापासून बोलत होतं तिथे तिथे मी त्याच्या तोंडी एक टोमणा घातला, म्हणजे कुणाला भाबडेपणा सापडायला नको. प्रयोग झाला. हशे आले, टाळ्याही आल्या. नंतर रंगपटात एक वयस्कर बाई आल्या. माझा हात हातात घेतला आणि अगदी काळजीने विचारलं, “तुम्हाला आमची भीती वाटत होती का हो?” त्या रागावल्या असत्या तर मी चार दिवसांत विसरले असते. त्यांनी काळजीने विचारलं, म्हणून तो प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. आज तुला जे लिहितेय ते त्या बाईंना मला तेव्हा देता न आलेलं उत्तर आहे.

तू दोनांतलं एक सोडायला निघालास. पत्रात मात्र तीन गोष्टी आहेत: खेळ, भान आणि धास्ती. धास्तीने भानाचे कपडे घातलेत, म्हणून ती तुला ओळखू येत नाही. आपल्या भाषेतही हा घोळ आहेच. ‘जरा भान ठेवून वाग’ असं मोठी माणसं दटावतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, लोक बघतायत. आणि उतारावर सायकल सोडलेल्या पोराला ‘भान ठेव रे’ म्हणतात तेव्हा म्हणायचं असतं, रस्ता बघ. शब्द एकच. पहिल्याने नजर स्वतःकडे वळते, दुसऱ्याने रस्त्याकडे. लिहिताना तुला दुसरं भान हवं आहे. परीक्षकाच्या त्या वाक्यानंतर तुझ्याकडे सगळा भरणा पहिल्याचा झालाय.

‘पोरकट’ हा शब्द तू ज्या तुच्छतेने लिहिलास त्याबद्दल थोडं भांडायचं आहे. माझ्या भावाची मुलगी चार वर्षांची असताना भातुकली मांडून बसायची. एकदा तिने मला बोटभर पितळी कपात चहा दिला. कप रिकामा होता. मी तो तोंडाला लावला आणि एका घोटात संपवला. ती ओरडली, “आत्या, भाजेल ना!” मग कप परत घेतला, त्यावर तीनदा फुंकर मारली आणि पुन्हा दिला. त्या पोरीला कपात काही नाही हे पक्कं माहीत होतं. खरी तहान लागली की ती आईकडेच जायची. आणि तरीही चहा गरम होता. तिच्या डोक्यात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. उलट माझंच भान कमी पडलं. गरम चहा कसा पितात हे मी विसरले, आणि तिने मला खेळाचा नियम दाखवून दिला. मी त्या वेळी ‘अगं, कप रिकामा आहे’ म्हटलं असतं तर तिला नवीन काहीच कळलं नसतं, फक्त खेळ मोडला असता. तुझ्या प्रेक्षकांनाही माहीत असतं की समोर दिवे आहेत, विंगेत माणसं उभी आहेत आणि पाटा कुणाच्या तरी घरून आणलेला आहे. तुझा लेखक त्यांना सात वेळा सांगतो की कप रिकामा आहे.

आता दशावताराकडे येते. तू तो आजोबांच्या मांडीवरून बघितलास, मी बाहेरून येऊन बघितला. मला जे दिसलं ते सांगते, चुकत असेन तर दुरुस्त कर.

देवळासमोर मांडव. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. ज्याचा त्याचा चेहरा ज्याने त्याने रंगवलेला. लिहिलेली संहिता कुणाच्या हातात नाही. आज कोणतं आख्यान, कुणाकडे कोणतं काम, प्रसंग कोणत्या क्रमाने यायचे, हे आत बसून ठरतं, आणि पुढे उभं राहिल्यावर संवाद जो तो आपले बोलतो. आधी गणपती आणि रिद्धी-सिद्धी, मग सरस्वती, मग काळ्या वेषातला संकासुर येऊन लोकांना पोट धरून हसवणार. त्यानंतर आख्यान. पहाटेपर्यंत ते आटपलं पाहिजे, कारण दहीहंडी फोडायची असते.

अशा एका रात्री मी पडद्याच्या बाजूला, जिथून आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसतं, अशा जागी बसले होते. बाहेर राजा आणि प्रधान बोलत होते. आत राक्षसाचा मुकुट बांधून व्हायचा होता. दोरी तुटली होती. राजाची पाठ पडद्याकडे होती, तरी त्याला ते कसं कोण जाणे कळलं. पडदा हलायला हवा होता तो हलला नाही, एवढीच खूण असेल. त्याने प्रधानाला एक जादा प्रश्न विचारला: राज्यात दुःखी कोण आहे? प्रधान क्षणभर गडबडला, मग म्हणाला, ज्याची मुलगी सासरी दुःखी आहे तो. त्यावरून दोघांचं असं काही बोलणं सुरू झालं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. पेटीवाल्याने हलकेच सूर धरून ठेवला होता. पुढ्यात चटईवर झोपलेल्या पोरांतलं एक रडायला लागलं, तर राजाने आवाज खाली आणला. इतक्यात पडदा हलला. राजाने ते बोलणं असं आवरलं जसं काही ते तिथेच संपायचं होतं, आणि राक्षस आरोळी ठोकत बाहेर आला.

विचार कर, त्या राजाला किती गोष्टींचं भान होतं. मुकुट, पडदा, प्रधानाची गडबड, पेटीचा सूर, रडणारं पोर, उरलेली रात्र. आणि यातल्या एकाही जागी ‘मी कसा दिसतोय’ हा प्रश्न नव्हता. त्याला सवडच नव्हती. तो प्रसंग मला आजवर पाहिलेल्या चांगल्या नाटकांच्या जोडीने आठवतो. तो लिहिलेला नव्हता आणि दुसऱ्या रात्री तसा झालाही नसेल. तू खेळ आणि भान यांचा तोल विचारतोस. मला तिथे तोल वगैरे काही दिसला नाही. राजा खेळत होता तो त्या भानावरच खेळत होता.

हे नामदेवांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यातल्या एका पदात ही चित्रं येतात. पोर कागद कापून पतंग करतं, आकाशात सोडतं, सवंगड्यांशी गप्पा मारतं आणि चित्त दोरीवर ठेवतं. मुली घागरी भरून आणतात, हसतात, थट्टामस्करी करतात आणि चित्त घागरीवर असतं. मला या पदाचं नेहमी नवल वाटतं ते याचं की नामदेव त्यांना गप्प बसवत नाहीत. हसू नका, लक्ष द्या, असं सांगत नाहीत. गप्पा चालू आहेत, थट्टा चालू आहे आणि चित्त दोरीवर आहे. पतंग उडवणाऱ्या पोराने दोरी सोडून स्वतःच्या सावलीकडे बघायला सुरुवात केली तर काय होईल, ते तू परीक्षकाच्या त्या वाक्यापासून अनुभवतोयस.

तुझ्या नाटकात दोरी म्हणजे काय, हे ज्याचं त्याने शोधायचं असतं. मला विचारशील तर तो पाटा आहे. पाटा कुठे आहे, कुणाचा हात त्याला लागलाय, कोण त्याच्याकडे बघायचं टाळतंय. चित्त तिथे ठेवून मग हवी तेवढी थट्टा कर.

आता लिहिण्याबद्दल. इथे मी एकनाथांकडे जाते. एकाच माणसाने दोन टोकांची कामं केली आणि एकाचा हात दुसऱ्यात अडकू दिला नाही, असं उदाहरण मला दुसरं चटकन आठवत नाही. भवानीआईला रोडगा वाहायचं भारूड तू ऐकलंच असशील. एक सून देवीला नवस बोलते. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच संपव. सासू जाच करते, तिला ने. जावेचं असं कर, नणंदेच्या पोराचं तसं कर. मागणं एवढं मोठं आणि त्याबदल्यात देणार काय, तर एक रोडगा. ऐकणारी बाई हसते, कारण यातलं काही ना काही तिच्याही मनात कधी येऊन गेलेलं असतं. नाथ त्या सुनेला शेवटपर्यंत सून राहू देतात. मधेच येऊन कानात सांगत नाहीत की बायांनो, सासू म्हणजे अमुक आणि सासरा म्हणजे तमुक. अगदी शेवटी ‘एका जनार्दनी’ ही त्यांची मुद्रा येते, आणि तिच्याबरोबर सून म्हणते की सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. तिथे मागची सगळी यादी उलटी होऊन वेगळी दिसायला लागते. हा एकटेपणा कुठला, असा प्रश्न पडतो. लेखक आत आला तो एकदाच आला, शेवटी आला, आणि सुनेचंच वाक्य घेऊन आला.

याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पोथ्या नकलून घेताना लोकांनी त्यात काय काय मिसळलं होतं, ते निवडून काढलं. आणि काम संपल्यावर बजावलं की यापुढे जो ज्ञानेश्वरीत आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. किती कठोर वाक्य आहे ते. एका अक्षराचीही सूट नाही. आणि हाच माणूस भारुडांत विंचू चावल्याचं सोंग घेतो, आंधळा होतो, बहिरा होतो, दारोदार फिरणारा वासुदेव होतो. पाठ शोधायला बसले तेव्हा त्यांनी पाठच शोधला आणि सोंग घेतलं तेव्हा सोंग पुरतं वठवलं.

तू मात्र एकाच बैठकीत, एकाच वाक्यावर दोन्ही करतोयस. एका हाताने पतंग सोडतोस आणि दुसऱ्या हातात कात्री धरतोस. म्हणून हात थांबतो. तो डोक्यात बोलणारा आवाज वाईट नाही रे. तो चांगला संपादक आहे, त्याला कान आहे, ‘हे टाळीसाठी आहे’ हे त्याला बहुतेक वेळा बरोबरच कळत असेल. पण त्याला कामावर यायची वेळ ठरवून दे. मी स्वतः असं करते: लिहिते ते वहीत, हाताने, आणि लिहिलेलं त्या दिवशी परत वाचत नाही. तीन दिवसांनी, दुसऱ्या खोलीत, पेन्सिल घेऊन, मोठ्याने वाचते. खोली बदलण्याचा उपयोग होतो. का होतो ते सांगता येणार नाही, पण होतो. आणि पेन्सिल हातात असताना मी निर्दय असते. नरोटी दिसली की काढायची, मग ती कितीही सुबक कोरलेली असो.

त्या नऊ वाक्यांतल्या सात नरोट्या आहेत. काढ.

उरलेल्या दोनांबद्दल मात्र मी तुला थांबवेन, कारण तू पत्रात विचारलं नाहीस तरी मला वाटतं, उद्या तू सगळा लेखकच उडवून मोकळा होशील. तसं करू नकोस. दुसऱ्या पानाच्या तळाशी तो एकदा प्रेक्षकांकडे न बघता बहिणीला विचारतो, “हा पाटा कुणी टाकवला होता शेवटचा?” आणि ती म्हणते, “आईनेच. दिवाळीच्या आधी.” टाकवणं म्हणजे गुळगुळीत झालेला पाटा टाकीने पुन्हा खरबरीत करणं. इथे माझ्या अंगावर काटा आला. या एका वाक्यात तो स्टुलावरून उठलाय. त्याला काहीतरी जाणून घ्यायचंय. तो त्या घरातला झालाय.

तमाशातली गवळण आठव. गवळणींच्या पुढे चालणारी मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या आहे हे सगळ्या तंबूला ठाऊक असतं, ती स्वतःही ते लपवत नाही, प्रेक्षकांशी थेट बोलते, त्यांना डोळा घालते. तरी ती नुसती तेवढ्यासाठी उभी नसते. तिला मथुरेच्या बाजाराला जायचंय, बरोबरच्या गवळणींना सांभाळून न्यायचंय, आणि वाटेत पेंद्या आणि कृष्ण आडवे आलेत. तिचं भांडण खरं आहे. म्हणून तिचा डोळा घालणंही चालतं. तुझ्या लेखकाला अजून कुठे जायचंच नाहीये. त्याला विचार, तुला या घरातून काय हवंय? यादीत नसलेली एखादी वस्तू असेल. कदाचित तो घरातून आधीच बाहेर पडलेला तिसरा भाऊ असेल आणि त्याचं नाव यादीत कुणी घातलंच नसेल. ते तू ठरव. पण त्याला हवं असलेलं काही सापडलं की तो प्रेक्षकांशी बोलला तरी चालेल, हसला तरी चालेल.

परीक्षकांच्या वाक्याबद्दलही बोलायला हवं. ती दुसरी एकांकिका मी पाहिलेली नाही, त्यामुळे ते बरोबर होते की चूक हे मी सांगणार नाही. कदाचित बरोबर असतील. पण ते एका संध्याकाळी, एका प्रयोगाबद्दल बोलले होते. तू ते जन्मपत्रिकेसारखं धरून बसलास. शिवाय एक बघ. त्यांनी म्हटलं, लेखकाला आपल्या हुशारीची फार जाणीव आहे. त्यावर तू काय केलंस, तर लेखकाला स्टुलावर बसवून त्याला आणखी बोलायला लावलंस. घाबरलेला माणूस नेमकं तेच जास्त करतो. यात तुझा दोष काढत नाही, मी ते स्वतः आठ महिने केलंय.

तालमीबद्दल दोनच गोष्टी सांगते. तुझा ग्रुप खरा पाटा-वरवंटा न वापरता लाकडी खोक्यावर काम चालवतोय, असं तू सूचनांमध्ये लिहिलंयस. पुढच्या तालमीला खरा आण. टाकीचे घाव असलेला, जड, दोघांनी उचलावा लागेल असा. आणि संहिता बाजूला ठेवून मुलांना वाटणी करू दे, अर्धा तास, मधे न बोलता. धाकट्याला वरवंटा हातात धरून उभं राहू दे. तो किती जड आहे, तो धरून वाद घालताना हात कसा भरून येतो, मग तो खाली ठेवायला जागा कशी शोधावी लागते, हे त्याला लाकडी खोक्याकडून कधीच कळणार नाही. लसूण वाटा त्यावर, खरंच वाटा. मग तुझ्या नटीला तळवा नाकाशी नेऊ दे. त्या अर्ध्या तासात तू कोपऱ्यात बस आणि फक्त बघ. टिपणंही नकोत. लिहाव्या लागतील असं तुला वाटतं त्यातल्या निम्म्या गोष्टी लिहाव्याच लागणार नाहीत, आणि ज्या तुला सुचल्याच नसत्या अशा दोन-तीन समोर घडतील. कुणी हसलं तर हसू दे. वाटणीच्या वेळी माणसं हसतात. आमच्याकडे आजीच्या माघारी भांडी वाटली तेव्हा दोन काकवा एका कल्हई गेलेल्या तांब्यावरून इतक्या हसल्या होत्या की त्यातल्या एकीला उठून मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि कुणी काही विचारलं नाही.

दुसरी गोष्ट त्या मुलीबद्दल. तिने विचारलं, मग मी रडू कशाला? तुला उत्तर देता आलं नाही, आणि त्याची तुला लाज वाटतेय असं पत्रावरून दिसतं. लाज वाटायचं कारण नाही. तिने तुझ्या नाटकावर इतका विश्वास टाकला की खरं पाणी डोळ्यांत आणलं, आणि ते वाया जातंय हे तुला तोंडावर सांगितलं. असा माणूस ग्रुपमध्ये असणं भाग्याचं आहे. तिच्याकडे जा आणि सांग की ती सात वाक्यं काढली. ‘लसूण’ म्हटल्यावर किती वेळ काही बोलायचं नाही हे तिला ठरवू दे, तू ठरवू नकोस. ती जितकं थांबेल तितका वेळ लेखकानेही स्टुलावर गप्प बसायचं.

नऊ दिवसांत हसत हसत लिहिणारा तो मुलगा कुठे गेला, असं तू पत्रात विचारलं नाहीस, पण ओळींमागे ते आहे. तो इथेच आहे. ‘वाटूनच तर झालं सगळं’ हे वाक्य त्यानेच लिहिलंय, आणि त्याला ते कॉलेजात असताना लिहिता आलं नसतं, कारण तेव्हा त्याने कुठल्या घराची वाटणी पाहिली नव्हती. तू आता पाहिली असावीस. ती तुझ्याच घरची असेल तर मी जास्त विचारणार नाही.

पुढचं पान झालं की पाठव. त्या घरातून लेखकाला काय हवं होतं, ते मला वाचायचं आहे.

तुझी,
ताई